एस्तेरबाईंचं ‘होय’

एस्तेरबाईंना कुणी ‘तुम्ही फार चांगल्या आहात हो’ म्हटलं की त्या घाबरायच्या. लाजायच्या नाहीत, घाबरायच्या. हातातला खडू खाली ठेवायच्या आणि मागं कुणी उभं आहे का ते पाहायच्या. मी त्यांच्या शेजारच्या वर्गात वीसेक वर्षं गणित शिकवलं. पहिली चार-पाच वर्षं मला वाटायचं, बाईंचं नाटक आहे. शाळेच्या स्टाफरूममध्ये नाटक न करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, त्यात माझी काय चूक?

आमची मुलींची शाळा बुलढाण्यात, कचेऱ्यांच्या रस्त्याला लागून. एस्तेरबाई मराठी शिकवायच्या. बुटक्या, सावळ्या, फिक्या रंगाचं सुती पातळ, पदर दोन्ही खांद्यांवरून. वडील खेड्यापाड्यांत फिरणारे पाळक होते, म्हणजे ख्रिस्ती देवळातले धर्मगुरू. घरात फार कडक शिस्त. आई लवकर गेली. बाईंनी लग्न केलं नाही, आणि ते का, हे विचारायची माझ्यासारख्या वटवट्या बाईचीही हिंमत झाली नाही. त्यांचं बोलणं पुस्तकी, शुद्ध. आम्ही बाकीच्या ‘काऊन’ आणि ‘कायले’ म्हणायचो आणि ह्या ‘का बरं’ म्हणायच्या. पण घाबरल्या की त्यांचीही वऱ्हाडी बाहेर यायची, त्यावरून मी ओळखायची.

खोटं त्यांना जमायचंच नाही. आम्हाला रजा हवी असली की आम्ही सगळ्या ‘पोटदुखीमुळे’ लिहायचो. आमच्या शाळेइतक्या पोटदुखीच्या बाया अख्ख्या जिल्ह्यात नसतील. बाईंनी एकदा अर्जात लिहिलं, ‘घरी पाहुणे आले आहेत व त्यांना सोडून यावेसे वाटत नाही.’ मुख्याध्यापकांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि मला बोलावून म्हणाले, “नलूबाई, यांना समजावा जरा.” मी समजवायला गेले तर बाई म्हणाल्या, “तोंडातून गेलेला शब्द पुढं जाऊन आपली वाट पाहत बसतो, नलू. आपण पोचतो तेव्हा तो तिथं असतोच.” मी म्हटलं, “बसू द्या ना बाप्पा, पोटदुखीच हाय ती, खाऊन थोडीच टाकते!” त्या हसल्या नाहीत.

आणि शपथ. मुली येता-जाता ‘आईशप्पथ’, ‘विद्येशप्पथ’ म्हणतात, त्याला काही अर्थ नसतो. पण बाईंच्या वर्गात शपथ बंद. कुणी म्हणालीच तर त्या तिला जवळ बोलवायच्या, छडी वगैरे काही नाही, आणि सांगायच्या, “प्रभूनं सांगितलंय, शपथच वाहू नका. तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. शपथ लागते याचा अर्थ एरवीचं बोलणं कच्चं आहे.” मुली माना डोलवायच्या आणि मैदानावर जाऊन पुन्हा आईची शपथ खायच्या. पण एक गोष्ट सगळ्या शाळेत मुरली. एस्तेरबाई ‘होय’ म्हणाल्या म्हणजे विषय संपला. शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचं हेच.

दिवेलागणीला त्यांच्या घरी गेलं तर त्या पायरीवर बसून बोटं मिटत असायच्या. बायबलातल्या दहा आज्ञा. करंगळीपासून सुरुवात, एका हाताची पाच, दुसऱ्या हाताची पाच. प्रत्येक बोटाला थांबून आपण आज ही मोडली का ते आठवायचं. मला ते मोठं मजेशीर वाटायचं. मी म्हणायची, “बाई, तुमचा देव हेडमास्तर हाय का इन्स्पेक्टर?” त्या बोटं न सोडता म्हणायच्या, “तो पाहतो.” एवढंच. ते त्या अशा काही म्हणायच्या की माझ्याच अंगावर काटा यायचा.

मग ते कपाटाचं प्रकरण झालं.

वार्षिक परीक्षेच्या आधी नववीच्या प्रश्नपत्रिका कार्यालयाच्या कपाटात ठेवल्या होत्या. एक दिवस मधल्या सुट्टीनंतर कपाट उघडं सापडलं, गठ्ठा फोडलेला. बाईंनी व्हरांड्यातून जाताना कपाटापाशी खाकी सदऱ्यातला एक माणूस पाठमोरा पाहिला होता. बाईंचा चष्मा वर्गात टेबलावर राहिला होता. आमच्याकडे खाकी घालायचा तो किसन शिपाई. गरीब माणूस, लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचा, घंटा द्यायचा आणि मुलींच्या सायकलींची उतरलेली चेन बसवून द्यायचा. त्याची मुलगी वंदना नववीतच होती, बाईंच्या वर्गात. म्हणजे संशयाला जागाच जागा.

अध्यक्षांनी सगळ्यांसमोर बाईंना बोलावलं. मी दाराशी उभी होते. ते म्हणाले, “बाई, या शाळेत सगळ्यात चांगलं माणूस कोण असेल तर तुम्ही. तुमच्या शब्दावर माझा निर्णय. किसनचा चेहरा पाहिला तुम्ही?”

बाई म्हणाल्या, “होय.”

किसन हात जोडून उभा होता. त्यानं फक्त बाईंकडे पाहिलं. नोकरी गेली, आणि त्याच आठवड्यात तो बायको-मुलीला घेऊन गावी गेला.

पुढं तीन वर्षांनी आमच्या विज्ञानाच्या खोलीतला मदतनीस नोकरी सोडून चालला होता, त्याचा निरोपसमारंभ होता. हा अध्यक्षांच्या नात्यातला, खोलीत काम करताना खाकी कोट घालायचा. चहा झाला, भजी झाली, गडी खुशीत आला. म्हणे, “आता सांगाले काय हरकत हाय? थे नववीचं कपाट म्याच फोडलं होतं, साळी होती ना नववीत, तिच्यासाठी. किसन्या गेला अन् आपुन वाचलो!” सगळे हसले. हो, मीही हसले. मागून लाज वाटली, पण हसले हे खरं. एस्तेरबाईंनी हातातला कप खाली ठेवला आणि त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अध्यक्षांकडे गेल्या. ते काय म्हणाले ते त्यांनीच मला सांगितलं. “बाई, संस्थेनं तुमच्या शब्दावर माणूस काढला. आता तुमचा शब्द खोटा म्हणता, तं संस्थेचं काय राह्यलं? झालं ते झालं. तुम्ही तुमच्या देवाची प्रार्थना करा.”

“मग तुम्ही काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“काही नाही. घाबरले आणि परत आले.”

“पण तेव्हा तुमी ‘होय’ म्हणाल्याच काऊन? चेहरा पाह्यला नव्हता तं पाह्यला नाही म्हनायचं!”

पदराचं टोक पिळत त्या म्हणाल्या, “त्यांनी मला सगळ्यांत चांगली म्हटलं, नलू. त्यानंतर ‘मला नक्की ठाऊक नाही’ असं म्हणायची लाज वाटली.”

त्या दिवसापासून बाईंना भीतीनं धरलं ते धरलंच. बोटं मोजताना नवव्या बोटाशी थांबायच्या. नववी आज्ञा खोट्या साक्षीची. दहाव्यावर त्या कधी गेल्याच नाहीत, नवव्यावरून परत करंगळीवर यायच्या. त्यांच्या देवळात महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला फिरतो, त्याला प्रभुभोजन म्हणतात. त्या प्याल्यातल्या रसासाठी काळ्या मनुका बाई स्वतः उकळायच्या, गाळायच्या, भांडं घेऊन जायच्या आणि आपण मात्र काही न घेता शेवटच्या बाकावर बसून राहायच्या. नवे पाळक आले, मायाळू माणूस, त्यांनी पुष्कळ समजावलं की देव क्षमा करतो. बाईंचं एकच. “ज्याचं बिघडवलं त्याच्याकडे आधी जा, मग माझ्याकडे ये, असं त्यानंच सांगितलंय. मी तर जातच नाही.”

“मग जा ना!” मी ओरडायची. “सुलतानपूर काय काशीत हाय? मेहकरले गाडी बदला की आलं.”

“तो मले काय म्हणेल गं?” लगेच वऱ्हाडी. समजायची मग मी.

बाईंच्या निवृत्तीच्या वेळी शाल-नारळ झालं. बोलणाऱ्यांनी सद्गुणांची खाण, चांगुलपणाचा पुतळा, काय वाटेल ते म्हटलं. बाई मध्येच उठल्या आणि म्हणाल्या, “मला चांगली म्हणू नका. चांगला एकच आहे, तो वर आहे.” खाली बसल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, काय ही नम्रता! मी बाजूलाच होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि शालीखाली त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले.

दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचं सांगितलं. झडप खराब, फार दिवसांचं सांगता येत नाही. दवाखान्यातून परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, “नलू, मी मेले तर कुठं जाईन?”

मी बौद्धाच्या घरची. आमच्याकडे हा प्रश्न असा विचारत नाहीत. म्हटलं, “आपल्या करणीचं फळ आपल्यापाशी, मले एवढंच मालूम हाय.”

“तेच तर,” त्या म्हणाल्या. “मला सार्वकालिक जीवन पाहिजे, देवाजवळचं, कधी न संपणारं. लहानपणापासून मी दुसरं काही मागितलंच नाही. सगळ्या आज्ञा पाळल्या. एकीवर अडकले.” आणि रिक्षावाल्यासमोर, भर बाजारात, त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मलाही भरून आलं, आणि रागही आला. म्हटलं, “उद्या सकाळची गाडी. मी येते संगं. नाही म्हणाल तं उचलून नेईन.”

मेहकरला उतरल्यावर बाई परत फिरायला निघाल्या होत्या, मी दंडाला धरून दुसऱ्या गाडीत बसवलं.

किसन वांग्याच्या वाफ्यात होता. पाठ वाकलेली, केस पांढरे. ओळखलं त्यानं. “बसा बाई,” म्हणाला आणि खाटेवर गोधडी टाकली. बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, “किसन, मी तुझा चेहरा पाहिला नव्हता. पाहिला म्हणाले. मी खोटं बोलले.”

तो आत गेला, पाण्याचे दोन गिलास घेऊन आला, आम्हाला दिले, आणि मग जमिनीवर बसला.

“म्या नाई केलं हे मले मालूमच होतं,” तो म्हणाला. “तुमी सांगून मले नवं काय भेटलं? पण माही बायको होती ना बाई. थे म्हने, एस्तेरबाई खोटं बोलत नाईत. मरेस्तोवर तिनं मले इचारलं नाई अन् माह्यावर इस्वासही ठेवला नाई. जेवाले वाढे, दुखलं-खुपलं पाहे, पण चोर समजूनच वाढे.”

मी बाईंच्या हातातला गिलास काढून घेतला.

“अन् वंदना. तिले शाळेत पोरी चोराची पोट्टी म्हणत. अमडापूरले देली. लग्न झाल्यापासून इकडं पाय नाई ठेवला. नात झाली, म्या तोंड नाई पाह्यलं तिचं.” त्यानं टोपी काढून डोकं पुसलं. “मले माफी मागून काय करता बाई? तिले सांगा. तिनं मानलं तं मी सुटलो.”

परतीच्या वाटेवर बाईंनी माझा हात सोडला नाही. “नलू, तिची आई तशीच गेली,” एवढंच म्हणत होत्या. “ती तशीच गेली गं.”

दोन दिवसांनी आम्ही चिखलीवरून अमडापूरला गेलो. वंदनाचं घर बाजाराच्या मागं. दारात शिलाई मशीन. बाईंना पाहून ती धावतच आली, पाया पडली, चार-पाच वर्षांच्या लेकीलाही पाया पडायला लावलं. चहा टाकायला निघाली तर बाईंनी तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. पाठमोरा माणूस, चष्मा, ते ‘होय’, मदतनिसाचं निरोपाच्या दिवशीचं बोलणं. स्वतःच्या हृदयाच्या दुखण्यासकट काही सोडलं नाही.

वंदनानं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती बाईंचा हात हातात घेऊन म्हणाली, “बाई, तुमी सुलतानपूरले गेल्या होत्या ना? बाबानं गळ घातली असन तुमाले. तुमी लय चांगल्या हात. मराच्या टायमाले माणसाले वाटते, कोणाचं भलं करून जावं. पण माह्यासाठी तुमी आता खोटं नका बोलू.”

बाई खोटं बोलल्या तेव्हा सगळ्या गावानं मानलं होतं, आणि आता खरं सांगत होत्या तर चांगुलपणा आडवा आला होता.

“वंदना, होय, खरंच सांगते मी,” बाई म्हणाल्या. “होय गं.”

“तवाही तुमी होयच म्हणाल्या होत्या,” वंदना म्हणाली. तिचा आवाज आता बदलला. “बाई, आता मले हो-नाई नको. माह्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवा अन् तुमच्या देवाची शपथ घ्या.”

“अगं वंदे, त्यांच्यात चालत नाही शपथ!” मी ओरडलेच. “तुले मालूम नाही का?”

“मालूम हाय. आमाले त्यांनीच शिकवलं. म्हणूनच म्हणते. माह्या बापासाठी खोटं बोलाले त्या तयार होतीन, पण खोटी शपथ त्या जीव गेला तरी घेणार नाईत.”

पोरगी मध्ये उभी होती, एकदा आईकडे आणि एकदा बाईंकडे पाहत. बाईंचे ओठ पांढरे पडले होते. मी त्यांना इतकी वर्षं घाबरलेलं पाहिलं होतं, पण तसं नाही. मला वाटलं, आता इथंच काही होतं की काय, गोळी कुठल्या पिशवीत ठेवली ते मी आठवायला लागले. त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांच्या दृष्टीनं काय पणाला लागलं होतं ते मला कळत होतं. देवानं स्पष्ट मना केलेली गोष्ट, समजून-उमजून, मरणाच्या दारात करायची. चुकून नाही, लाजेखातर नाही. उभ्या जन्मात जे एक मागितलं ते आपल्या हातानं टाकून द्यायचं.

“नलू,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “मले लय भेव वाटून राह्यलं.”

“मग नका घेऊ बाई. चला आपण. म्हनू दे तिले काय म्हनते ते,” मी म्हणाले. खरंच म्हणाले.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग पुढं येऊन त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

“जिवंत परमेश्वराची शपथ,” बाई म्हणाल्या, “मी किसनचा चेहरा पाहिला नव्हता. त्यानं चोरी केली नाही. मी खोटी साक्ष दिली.”

वंदना मटकन खाली बसली. तिच्या तोंडून आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. “आई तशीच गेली ना,” म्हणाली, “आई तशीच गेली.” बाईंनी तिच्याजवळ बसायचा प्रयत्न केला, तिनं त्यांना दूर सारलं. माफ-बिफ काही केलं नाही तिनं, आणि का करावं? थोड्या वेळानं उठली, तोंड धुतलं, शेजारणीकडे किल्ली दिली, पोरीच्या पायात चपला घातल्या आणि आमच्याकडे न पाहता म्हणाली, “मी सुलतानपूरले जाते.”

चिखलीच्या स्टँडपर्यंत आम्ही एकाच गाडीत होतो. ती पुढं, आम्ही मागं. चिखलीला तिला मेहकरची गाडी लगेच मिळाली. आम्ही बुलढाण्याच्या गाडीच्या वाटेवर फलाटाच्या बाकड्यावर बसलो. दुसऱ्याच आठवड्यात बाईंचा भाऊ त्यांना आपल्या गावी घेऊन गेला आणि तिथंच त्या गेल्या. अंत्यविधीला मला पोचता आलं नाही. म्हणून माझ्या डोळ्यांपुढं बाई त्या बाकड्यावरच्याच राहिल्या आहेत.

“त्याची आज्ञा मोडली ना गं मी?” तिथं बसल्या-बसल्या त्यांनी विचारलं.

दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, छे, देव काय एवढा खडूस आहे! त्यांच्यापुढं ते जमेना. म्हटलं, “हो बाई. मोडली.”

“मग आता मला ते जीवन मिळेल?”

“मले नाही मालूम हो.”

मेहकरची गाडी वळण घेऊन दिसेनाशी झाली. आणि एकदम त्या धडपडत उठल्या. “नलू, किसन या वेळेला शेतात असतो! ती दारी जाईल आणि दाराला कुलूप असेल. मग ती परत फिरेल गं. फोन लाव, लवकर लाव!”

त्यानं परवा नंबर दिला होता. मी लावला. म्हटलं, “किसनभाऊ, आज घरीच थांबा. कुठं जाऊ नका.”

“काऊन? कोन येऊन राह्यलं?”

“वंदना. पोरीले घेऊन.”

तिकडून बादली खाली ठेवल्यासारखं काहीतरी वाजलं, बस. मी फोन बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. त्या काही बोलल्या नाहीत, तोही बोलत नसावा. बुलढाण्याची गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मी हातानंच त्याला जा म्हणून सांगितलं.